गुहागरच्या घरी रिचार्जशिवाय सह्याद्री आणि आकाशवाणी: डिश कशी लावायची, रेडिओ कोणता घ्यायचा?

माडाची_सावली (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यातल्या घरी आईबाबा दोघंच असतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे. त्यांना लागतं ते थोडकंच: सह्याद्री वाहिनीवरच्या बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम, दुपारी एखादा सिनेमा, आणि सकाळी उठल्याबरोबर आकाशवाणी. पैशाच्या डीटीएचचा रिचार्ज संपला की टीव्ही बंद पडतो आणि मोबाइलवरून रिचार्ज करणं त्यांना जमत नाही. म्हणून डीडी फ्री डिश लावायचा विचार आहे.

घर कौलारू आहे, भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या. दक्षिणेला आणि पूर्वेला माड. आत्ता एका खासगी सेवेची डिश भिंतीवर आहे, ती ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे बघते. टीव्ही दोन आहेत, एक ओटीवर आणि एक माजघरात.

१. तीच डिश चालेल का, की नवी घ्यावी?
२. आमच्या भागात डिश नेमकी कुठे वळवायची?
३. पावसाळ्यात चित्र तुकडे-तुकडे होतं, त्यावर काय करता येईल?
४. आकाशवाणी मध्यम लहरींवर लावली की नुसती घरघर ऐकू येते. रेडिओ बदलावा का?

केबल_आणि_कनेक्टर

ताई/दादा, डिश तीच चालेल, बॉक्स मात्र चालणार नाही. खासगी सेवेचा बॉक्स त्यांच्याच कार्डाला बांधलेला असतो. पत्रा वाकलेला नसेल आणि मागचे नट-बोल्ट गंजून जाम झाले नसतील तर डिश ठेवा. एलएनबीवर, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीवर, ९७५०/१०६०० असं छापलेलं आहे का ते बघा. असेल तर तोही ठेवा. वरचं प्लास्टिकचं टोपण तडकलेलं असेल तर मात्र बदलाच. कोकणात पाणी पहिलं तिथूनच आत जातं.

आता दिशा. फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्व. गुहागरहून हिशेब केला तर होकायंत्रावर १२९ अंश, म्हणजे जवळजवळ बरोबर आग्नेय, आणि क्षितिजापासून उंची ५९ अंश. तुमची आत्ताची डिश १५० अंशाला आणि ६६-६७ अंश उंचीवर असणार. म्हणजे डिशच्या मागे उभं राहून ती डावीकडे २१ अंश फिरवायची आणि साडेसात अंश खाली झुकवायची. बाकीच्यांसाठी: रत्नागिरी १२८-१२९ आणि ५९, पुणे १३२ आणि ५९, कोल्हापूर १२९ आणि ६०, नागपूर १४४-१४५ आणि ६०.

इथे बहुतेक जण फसतात. उंची ५९ अंश म्हणून डिशचं तोंड ५९ अंश वर करतात. आपल्याकडच्या घरगुती डिशा ऑफसेट जातीच्या असतात, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालून वर बघतो आणि डिशला साधारण २४ ते २६ अंश आयतेच मिळतात. त्यामुळे डिशचा चेहरा उभ्या रेषेपासून फक्त ३४-३५ अंश मागे कललेला हवा. वरच्या आणि खालच्या काठाला टेकेल अशी सरळ पट्टी धरा, त्यावर मोबाइलचं कोन मोजायचं अ‍ॅप ठेवा आणि बघा. दिसायला डिश बरीच उभी वाटते, ते बरोबरच आहे.

होकायंत्र डिशला चिकटवून बघू नका, लोखंडामुळे सुई हलते. दोन-तीन मीटर मागे उभं राहून १२९ अंशाच्या रेषेत दूरची एखादी खूण पकडा, माडाचं खोड, विजेचा खांब, काहीही, आणि डिश त्या खुणेकडे वळवा.

माडांचा हिशेब सोपा आहे. ५९ अंशाची नजर असल्यामुळे डिशपेक्षा १० मीटर उंच झाड त्या रेषेत ६ मीटरच्या आत नको, १५ मीटर उंच असेल तर ९ मीटरच्या आत नको. पण हे खोडाचं माप झालं. माडाच्या झावळ्या चारही बाजूंना ४-५ मीटर पसरतात, त्या वेगळ्या धरा. आज रेषेत नसलेलं झाड तीन वर्षांनी येतं, तेव्हा आत्ताच मोकळी जागा निवडा.

ओळंबा

बसवण्याबद्दल थोडं, कारण ९० टक्के तक्रारी तिथून सुरू होतात.

जांभ्याच्या चिऱ्यात फास्टनर मारून डिश लावू नका. चिरा सच्छिद्र असतो. दोन पावसाळे गेले, वाऱ्याने डिश हलली की भोक मोठं होतं आणि बोल्ट हाताने निघतो. कौलाखालच्या वाशालाही बांधू नका, लाकूड फुगतं-आकसतं. अंगणात किंवा परसात दीड फूट लांब-रुंद आणि एक फूट खोल खड्डा घेऊन काँक्रीट घाला आणि त्यात पाइप उभा रोवा. काँक्रीट ओलं असतानाच पाइप दोन्ही बाजूंनी लेव्हलने तपासा. पाइप तिरका राहिला तर डिश डावी-उजवी फिरवताना उंचीही बदलत जाते आणि मग तासभर फिरवत बसलात तरी उपग्रह हाती लागत नाही. आठवडाभर काँक्रीट पक्कं होऊ द्या, मग डिश चढवा. गुरं आणि पोरं यांचा हात लागणार नाही इतकी उंची ठेवा, पण शिडीशिवाय पुसता येईल इतकीच.

६० सेंटिमीटरच्या डिशची नजर साधारण ३ अंश रुंद असते. दीड अंश चुकलं की निम्मी ताकद गेली. दीड अंश म्हणजे किती? डिशच्या काठाशी जेमतेम ८ मिलिमीटर. एक अंश म्हणजे ५ मिलिमीटर. म्हणून शेवटचं फिरवणं हाताच्या पंजाने नाही, दोन बोटांनी करायचं. एक बारीक ढकल, मग चार-पाच मोजेपर्यंत थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. घाईने फिरवत राहिलात तर योग्य जागा ओलांडून जाते आणि कळतही नाही. नट आवळताना डिश सरकते, म्हणून चारही नट थोडे-थोडे, आळीपाळीने आवळा आणि एका माणसाला टीव्हीसमोर बसवून क्वालिटीचा आकडा ओरडून सांगायला लावा.

सगळं झालं की पाइपवर आणि डिशच्या पट्टीवर रंगाने एक आडवी खूण करा. पुढच्या वादळानंतर डिश हलली की नाही ते बाबांना लांबूनच दिसेल.

केबल_आणि_कनेक्टर

ओळंबा यांनी सांगितलंय त्यात पावसाचं जोडतो.

या लहरी ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, पावसाचे मोठे थेंब त्या शोषतात. धो-धो सर आली की पाच-दहा मिनिटं चित्र जाणार, हे डिश कितीही चांगली बसवली तरी होणार. पण साध्या रिमझिमीत जात असेल, किंवा पाऊस थांबून तास झाला तरी येत नसेल, तर दोष आकाशाचा नाही, जोडणीचा आहे. कनेक्टर उघडून बघा. मधली तांब्याची तार हिरवी पडली असेल आणि जाळी काळवंडली असेल तर पाणी आत गेलंय. तेवढी केबल एक फूट कापून नवा कनेक्टर लावायचा, पुसून तोच परत लावायचा नाही. केबलमध्ये शिरलेलं पाणी जाळीतून पुढे पुढे सरकत राहतं.

नव्याने करताना आरजी-६ केबल घ्या. पिळून बसवायचे कनेक्टर स्वस्त पडतात पण खाऱ्या हवेत सैल होतात. दाबून बसवायचे, म्हणजे कॉम्प्रेशनचे घ्या आणि ते हत्यार ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच लावून घ्या. त्यावर ताणून गुंडाळायची काळी रबर टेप खालून वर अशी गुंडाळा, म्हणजे पाणी थरांवरून ओघळून जातं. एलएनबीजवळ केबलला खाली एक झोळ द्या, तसाच दुसरा झोळ भिंतीतून आत शिरायच्या आधी. थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतात, घरात येत नाहीत.

सध्याच्यापेक्षा मोठी डिश घेतली तर मध्यम पावसातलं तुटणं बरंच कमी होतं, पण वाराही जास्त धरते. समुद्रापासून जवळ असाल तर ६०-६५ सेंटिमीटरची नीट लावलेली डिश मी बरी म्हणेन.

दोन टीव्हींसाठी दोन तोंडांचा एलएनबी घ्या, दोन स्वतंत्र केबली आणि दोन बॉक्स. एका केबलला स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले तर प्रत्येकाला निम्म्याहून कमी सिग्नल जातो आणि दोन्ही बॉक्स एलएनबीला वीज पुरवत एकमेकांच्या आड येऊ शकतात. टीव्ही नवीन असेल तर मागे आटे असलेलं एक जास्तीचं तोंड आहे का बघा. टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर असेल तर दूरदर्शनच्या वाहिन्या बॉक्सशिवाय थेट लागतात.

बॉक्स एमपेग-४ चाच घ्या (चित्र उलगडायची ही नवी पद्धत). बाजारात जुने एमपेग-२ बॉक्स अजून विकायला असतात. त्यात काही वाहिन्या मुळीच सापडत नाहीत, काहींचं नाव येतं आणि पडदा काळा राहतो. लोक त्याला डिशचा दोष समजून डिश फिरवत बसतात. आणि फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा दरवर्षी लिलावाने ठरतात, १ एप्रिल ते ३१ मार्च अशा. एप्रिल लागला की काही वाहिन्या गायब होतात, काही नव्या येतात. तेव्हा डिशला हात लावायचा नाही, फक्त रिमोटवरून पुन्हा ऑटो स्कॅन करायचं. आईबाबांना एवढं एक लिहून ठेवा.

माडाची_सावली

फार उपयोगी माहिती, मनापासून आभार. तालुक्याच्या गावातला एक मुलगा आज डिश वळवून गेला. नवा बॉक्स लावलाय. स्क्रीनवर स्ट्रेंग्थ ९० दाखवतोय आणि क्वालिटी शून्य. तो म्हणतो सिग्नल फुल्ल आहे, बॉक्सच खराब. बॉक्स बदलून आणू का?

केबल_आणि_कनेक्टर

थांबा, बॉक्स बदलू नका. स्ट्रेंग्थ ९० याचा अर्थ एवढाच की केबल जोडलेली आहे आणि एलएनबीला वीज मिळते आहे. डिश कुठल्याही दिशेला असली तरी हा आकडा येतो. खात्री करायची असेल तर डिशवर हात आडवा धरून बघा, स्ट्रेंग्थ फारशी हलणार नाही. उपग्रह सापडला की नाही हे फक्त क्वालिटी सांगते.

क्रमाने बघा. आधी बॉक्सचं सेटिंग: एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. चाचणीसाठी ट्रान्सपाँडर (उपग्रहाचा प्रक्षेपक) ११०९० घ्या, ध्रुवण (लहर उभी की आडवी ते, पोलरायझेशन) व्हर्टिकल, सिम्बॉल रेट (माहितीचा वेग) २९५००. यादीत उपग्रह जीसॅट-१५ किंवा ९३.५ पूर्व निवडलेला असावा.

मग एलएनबी स्वतःच्या पकडीत किती फिरलेला आहे ते. आपला उपग्रह दक्षिणेपासून बराच पूर्वेला कललेला, त्यामुळे तिथून उभी निघालेली लहर आपल्यापर्यंत तिरकी पोचते. पश्चिम महाराष्ट्रात हा तिरकेपणा ४५ अंशांच्या आसपास जातो. एलएनबी सरळ उभा बसवला तर डिश अगदी बरोबर असूनही क्वालिटी येत नाही किंवा ओढूनताणून येते. पकडीचा स्क्रू सैल करा आणि एलएनबी दोन्ही बाजूंना १०-१० अंशांनी फिरवत बघा, दर वेळी चार-पाच सेकंद थांबून. क्वालिटी आली की ती सगळ्यात जास्त जिथे होते तिथे स्क्रू आवळा.

एवढं करून शून्यच राहिलं तर मात्र डिश दुसऱ्याच उपग्रहाकडे आहे. ९५ अंशावरचा उपग्रह अगदी शेजारी आहे, गुहागरहून फक्त २ अंश डावीकडे आणि सव्वा अंश खाली. तिथे काही मिनिटं अडकणारे पुष्कळ असतात. डिश किंचित उजवीकडे आणि केसभर वर घ्या.

नऊचा_पाढा

रेडिओचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. रेडिओ बदलायच्या आधी घर तपासा.

रेडिओ सेलवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. घरघर थांबली तर रेडिओ चांगला आहे, गोंधळ घरातल्या विजेच्या उपकरणांचा आहे. मग एक-एक स्विच चालू करत जा. बहुतेक वेळा स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर किंवा सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर सापडतो. त्या वस्तूपासून रेडिओ दोन मीटर लांब नेला तरी फरक पडतो. सकाळच्या प्रादेशिक बातम्यांच्या वेळी ओटीवरचा बल्ब बंद ठेवला तर आईबाबांना शब्दन् शब्द कळेल.

पुढची गोष्ट, रेडिओ कसा ठेवायचा. मध्यम लहरींसाठी ताठ उपसायची अँटेना उपयोगाची नाही, ती एफएमसाठी असते. मध्यम लहर आतल्या काळ्या फेराइट दांडीवर येते. ती दांडी बहुतेक रेडिओंत वरच्या बाजूला, लांबीच्या दिशेने असते. केंद्र दांडीच्या टोकाच्या दिशेला असेल तर आवाज पडतो, बाजूला असेल तर भरतो. गुहागरला हे फार सोयीचं आहे. मुंबई उत्तरेला आणि रत्नागिरी दक्षिणेला, दोन्ही जवळजवळ एका रेषेत. म्हणजे रेडिओची लांबी पूर्व-पश्चिम, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. एकदा जागा सापडली की फळीवर खडूने खूण करा.

आकडे: मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झ, रत्नागिरी ११४३, पुणे ७९२, सांगली १२५१, जळगाव ९६३, नागपूर ५८५. मुंबई तुमच्याकडे दिवसासुद्धा बरी लागायला हवी, कारण मध्यम लहर जमिनीवर लवकर दमते, खाऱ्या पाण्यावरून मात्र लांबवर जाते, आणि तुमचा मार्ग किनाऱ्याचा आहे. पुण्याच्या वाटेत घाट आहे, तिथून दिवसा फार अपेक्षा ठेवू नका. अंधार पडला की वरच्या हवेतला शोषणारा थर विरतो आणि लांबची केंद्रं एकदम आत येतात, एकावर एक चढतात. म्हणून रेडिओची परीक्षा सकाळी दहा-अकराला घ्यायची, रात्री नाही.

नवा घ्यायचाच झाला तर आकड्यांचा, म्हणजे डिजिटल ट्यूनिंगचा घेताना एक तपासा: मध्यम लहरींची पायरी ९ किलोहर्ट्झची हवी. वर दिलेला प्रत्येक आकडा ९ ने भागून बघा, नि:शेष भाग जातो, ६२, १२७, ८८ असा. अमेरिकेत पायरी १० ची आहे. तिकडून मुलांनी भेट म्हणून आणलेला रेडिओ ५५० वरून थेट ५६० वर उडी मारतो आणि ५५८ नीट पकडतच नाही. अशा बऱ्याच रेडिओंत पायरी बदलायची सोय असते, माहितीपत्रक बघून ९ करा. वयस्कर माणसांसाठी मी मात्र चाकाने फिरवायचा, मोठ्या स्पीकरचा साधा रेडिओ सुचवीन. बोटाला सवय होते, चष्मा शोधावा लागत नाही.

तरीही आवाज कमी पडला तर चौकटीची अँटेना करा. ६० सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट, तिच्यावर साध्या बारीक वायरचे १४ वेढे, वेढ्यांत अर्धा-पाऊण सेंटिमीटर अंतर. ३४ मीटर वायर लागते, थोडी जास्त आणा. दोन्ही टोकांना जुन्या रेडिओतला ३६५ पिकोफॅरडचा गँग, म्हणजे केंद्र लावायचा फिरता कंडेन्सर, जोडा. रेडिओला कुठलीही वायर जोडायची नाही. चौकटीची कड केंद्राकडे करायची आणि रेडिओ चौकटीजवळ असा ठेवायचा की आतली दांडी चौकटीच्या सपाटीला काटकोनात येईल. रेडिओवर ५५८ लावून गँग हळू फिरवला की एका जागी आवाज एकदम उचलून येतो. वेढे एकमेकांना चिकटले तर वरच्या टोकाची केंद्रं सापडत नाहीत, म्हणून अंतर पाळा.

ओळंबा

रेडिओच्या शौकिनांना चौकट आवडेल, पण आईबाबांसाठी आणखी एक सोपी वाट आहे. फ्री डिशच्या बॉक्समध्ये आकाशवाणीच्या वाहिन्याही असतात. रिमोटवर टीव्ही/रेडिओ असं बटण असतं, ते दाबलं की वेगळी यादी उघडते, त्यात मराठीही आहे. घरघर नाही, खरखर नाही. बॉक्सच्या मागच्या लाल-पांढऱ्या तोंडांतून एक वायर काढून साध्या स्पीकरला जोडा, मग टीव्ही बंद ठेवूनही रेडिओ ऐकता येतो. वाहिनी लावताना तेवढा एकदा टीव्ही चालू करावा लागतो, किंवा तिचा क्रमांक पाठ झाला की तोही नको.

पण साधा सेलवरचा रेडिओ काढून टाकू नका. वादळात कोकणात वीज दोन-दोन दिवस जाते आणि तेव्हा बॉक्सही बंद असतो, मोबाइलचा टॉवरही. सेल रेडिओत कायम घालून ठेवू नका, पाझरतात. बाहेर काढून शेजारी पुडीत ठेवा.

आणि वीज कडाडायला लागली की बॉक्सचा प्लग काढायचाच, पण एलएनबीची केबलही बॉक्सवरून उघडून बाजूला ठेवायची. नुसता प्लग काढून डिशवरून येणारा मार्ग तसाच राहतो.

माडाची_सावली

एलएनबी फिरवल्यावर क्वालिटी ७८ आली. माजघरातल्या टीव्हीची केबल अजून ओढायची आहे. डिशपासून ओटीवरून माजघरापर्यंत २० मीटर होतंय. एवढ्या लांबीत सिग्नल पडेल का?

केबल_आणि_कनेक्टर

२० मीटरला आरजी-६ मध्ये साधारण ५ डेसिबल जातात, एलएनबी त्याच्या कितीतरी पट वाढवून देतो. चालेल. फक्त मध्ये जोड देऊ नका, अखंड तुकडा ओढा. वळणावर केबल मुडपू नका, मुठीएवढा गोल ठेवा. विजेच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका.

७८ आलीय ती कोरड्या दिवसाची म्हणून डिशच्या पाइपावर मार्करने तारखेसह लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर कोरड्या दिवशी तोच आकडा आला नाही तर आधी कनेक्टर उघडून बघायचा, डिश नंतर.